भिंत यंत्रावरून की यंत्रातून?

प्रिय साडूभाऊ,

कंबर जेवढी वाकते तेवढा नमस्कार, उरलेला मनातल्या मनात. गुडघा कसा आहे? प्रचारासाठी जिने चढू नका असं मी म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात की उमेदवाराने जिने चढायचे नाहीत तर काय लिफ्टमध्ये उभं राहायचं? (नंतर तुम्ही लिफ्टमध्येच उभे राहिलात आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, तेही कानावर आलं.) थोरल्या ताईंचा खोकला गेला का? तुमच्या पत्रकांच्या शाईच्या वासाने तो उठतो असं आमच्या हिचं म्हणणं आहे, पण ती बहीण असल्यामुळे तिचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नका. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे दवाखान्यात कुणी नाही, एवढाच अर्थ घ्या.

तुमचं पत्र पोचलं. लोक तोंडावर हसतात, अर्ज मागे घ्यावासा वाटतो, मुदत अजून आहे, सल्ला द्या, असं तुम्ही लिहिलंय. साडूभाऊ, मी रंगवाला माणूस. खांद्यावर दुसऱ्याची शिडी वाहून सुरुवात केली, मग स्वतःचा एक ब्रश घेतला आणि ब्रशाचं दुकान केलं. मला राजकारणातलं काय कळणार? पण ऐकू मात्र फार येतं, आणि गेल्या आठवड्यात जे ऐकलं ते सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही. तेव्हा चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

आमचा दादा पिवळ्या पक्षाचा आणि धाकटा जांभळ्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या निवडणुकीत जांभळे जिंकले आणि धाकट्याने विजयाची पताका चुकून दादाच्या खिडकीला बांधली. (चुकून हा त्याचा शब्द. गाठ मी पाहिली आहे, चुकून तशी बसत नाही.) त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दुकान मात्र तिघांचं, गल्ला एक, आणि दोघांच्या खुर्च्यांमध्ये हात लांब केला तर एकमेकांचा कान धरता येईल एवढंच अंतर. मध्ये मी. दादा म्हणणार, "त्याला सांग, फोन वाजतोय." धाकटा म्हणणार, "त्याला सांग, मला कान आहेत." फोन तोवर वाजायचा थांबलेला. दादा म्हणतो, त्या गाढवाला विचार प्रायमर कुणी संपवला. मी धाकट्याकडे वळून म्हणतो, दादा विचारतोय, प्रायमर मागवायचा का? धाकटा म्हणतो, डोळे असतील तर बघ म्हणावं. मी दादाकडे वळून सांगतो, एकदा बघून घेऊ म्हणतोय. अर्धं आयुष्य मी रंग पातळ करण्यात घालवलं, उरलेलं बोलणं पातळ करण्यात चाललंय. ही म्हणते, तुम्ही घरी आल्यावरही एक वाक्य दोनदा बोलता, एकदा उजवीकडे बघून आणि एकदा डावीकडे.

आणि दोन्ही पक्षांचं भांडण कशावरून, तर दुकानासमोरचा खड्डा. पिवळ्यांनी तो पाण्याच्या पाइपसाठी खणला. जांभळे आले, पाइप पिवळ्यांचा म्हणून त्यांनी तो तसाच बुजवला. मग त्यांनी स्वतःच्या पाइपसाठी परत खणला आणि आता पिवळे त्याच्या काठावर उभे राहून भाषणं करतात. मी दोन्ही बाजूंची भाषणं दुकानात बसून ऐकली आहेत. डोळे मिटले तर कुणाचं चाललंय हे मला, मला साडूभाऊ, ओळखता येत नाही! खोकल्यावरून तेवढं कळतं. पिवळ्यांचा वक्ता वाक्याच्या आधी खोकतो, जांभळ्यांचा नंतर. खड्डा दोघांचंही शांतपणे ऐकून घेतो. गिऱ्हाईक फळीवरून येतं, आणि फळी आमची आहे.

आता यंत्राकडे येतो. रंग मिसळायचं यंत्र आम्ही घेतलं तेव्हा तुम्ही बघायला आला होतात. पांढऱ्या रंगाचा डबा खाली ठेवायचा, शेडचा नंबर दाबायचा, वरच्या छोट्या टाक्यांतून हव्या त्या रंगाचे थेंब पडतात. शिवाय आमच्या मागच्या खोलीत एक पिंप आहे. डब्यांच्या तळाशी उरलेला, चुकलेला, गिऱ्हाइकाने परत केलेला रंग आम्ही त्यात ओततो. काहीही ओता, गुलाबी ओता नाहीतर पोपटी, चार दिवसांनी ढवळलं की तोच एक मातकट करडा रंग. तुमच्या पक्षाला रंग हवा होता आणि चांगले सगळे रंग आधीच कुणी ना कुणी घेतलेले होते, तेव्हा तुम्ही त्याच पिंपातून बादली भरून नेली होतीत. तुमच्या पक्षाचा रंग म्हणजे आमच्या दुकानाच्या सगळ्या चुका एकत्र. (लावायला बरा आहे, मळ दिसत नाही.)

तर निवडणूक जाहीर झाली आणि दादाच्या मनात आलं की आपल्या दुकानातून जांभळा विकला जाऊ नये. सगळे जेवायला गेले असताना त्याने जांभळ्याच्या टाकीतला निम्मा रंग काढून तिथे पिवळा भरला. त्याच दिवशी, दादा जेवायला गेल्यावर, धाकट्याने पिवळ्याच्या टाकीचं तेच केलं. दोघंही एका आईची लेकरं, विचार वेगळा येणार कुठून? यंत्र बिचारं ढवळत राहिलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाक्यांत एकच रंग झाला होता, आणि तो कुठला हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा रंगारी आला आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीसाठी साईच्या रंगाचे डबे घेऊन गेला. शेडकार्डावर त्या रंगाचं नाव 'पहाटेची साय' असं आहे. पहाटेची साय कशी दिसते हे कुणी पाहिलंय? रंगाऱ्याला वाटलं, हीच असेल. डॉक्टर बाहेरगावी होते. ते परत आले तो खोली करडी, आणि गावभर बातमी की डॉक्टर फुटले, तिसऱ्यांना मिळाले! पिवळे पेशंट दाढ दाबून दुसरीकडे गेले, जांभळे गाल धरून. डॉक्टर दुकानात येऊन जे बोलले त्यात पातळ करण्यासारखं काही नव्हतंच, ते दोघांनीही थेट ऐकलं.

मग उलगडा झाला. म्हणजे दोघांनी मला सांगितलं की त्याला सांग, हे त्याचं काम आहे. आणि त्याच बैठकीत, माझ्याच तोंडून, एकमेकांना कळवलं की आता दुकानाची वाटणी, मध्ये भिंत. साडूभाऊ, ती भिंत मी माझ्याच तोंडाने एका खुर्चीकडून दुसरीकडे नेली. आणि हो, दोन्ही बाजूंनी मंजूर झालेला आमच्या घरातला हा पहिला ठराव.

गवंडी विटा घेऊन आला. त्याने दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणली, मापं दोन्हीकडून सारखी, आणि दोरी बरोबर यंत्राच्या मधून गेली. यंत्र जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेलं, हलवलं तर बिघडतं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग मला म्हणाला, "शेठ, भिंत यंत्रावरून घेऊ की यंत्रातून?" मी दादाकडे वळलो. दादा छताकडे बघत होता. धाकट्याकडे वळलो. तो खड्ड्याकडे. माझी मान मध्येच थांबली. माझी शिडी, माझा ब्रश, या फरशीवर मी पुसलेला रंग, आणि आता दोन खोल्यांत अर्धं अर्धं यंत्र. मी कुठल्या खोलीत बसायचं हे तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या वेळी माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? ना भिंतीबद्दल, ना यंत्राबद्दल. मी म्हटलं, "मी या वेळी आमच्या साडूला मत देणार."

गवंड्याची थापी हातातच राहिली. आणि मग धाकटा खुर्चीतून उठून म्हणाला, "दादा, ऐकलंस?"

"ऐकलं," दादा म्हणाला. "याचं डोकं फिरलंय."

"त्या घड्याळजीला? ज्याच्या दुकानातली दोन घड्याळं एक वेळ दाखवत नाहीत?"

"अरे, माझं घड्याळ त्याच्याकडे दिलं होतं, तर परत आलं ते उलटं फिरायला लागलं!"

"दादा, तू याला समजाव. तुझं ऐकतो तो."

"माझं कधी ऐकलंय? तूच सांग."

पताका बांधल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं. मध्ये कुणी नव्हतं. मी होतो, पण विषय म्हणून. दादाचं म्हणणं, तिसऱ्याला दिलेलं मत जांभळ्यांच्या पथ्यावर पडतं. धाकट्याचं म्हणणं, पिवळ्यांच्या. त्यावर दोघं एकमेकांकडे बघून थोडे घुटमळले. मग ते मत कुणाच्या तरी पथ्यावर पडतं आणि एकंदरीत फुकट जातं यावर त्यांचं एकमत झालं. गवंड्याने विचारलं, दोरी राहू दे का? तर दोघं एकदम म्हणाले, "थांब रे, आधी याला ताळ्यावर आणू दे." मग दोघं त्या भिंतीच्या विटांवर शेजारी शेजारी बसले, चहा मागवला, आणि तुमच्याबद्दल इतकं वाईट बोलले की माझे डोळे भरून आले.

तेव्हापासून रोज दुकान बंद करताना दोघं मिळून मला समजावतात आणि मी ऐकत नाही. विटा तशाच आहेत, दोरीत सगळ्यांचे पाय अडकतात, ती कुणी सोडत नाही. देशाचं काही भलं होईल अशी आशा मला राहिलेली नाही, साडूभाऊ. खड्डा माझ्यानंतरही राहील. पिवळ्या-जांभळ्यांना मतं नाही दिली तरी तेच येतात, दिली तर हक्काने येतात. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट या घराच्या उपयोगी पडली, आणि ती म्हणजे तुमची उमेदवारी.

थोरल्या ताईंना नमस्कार. ही म्हणते, पत्रक वाटायला जाताना मफलर घालत जा.

तुमचा,
मधला

ता. क. सल्ला विचारला होतात तो असा: अर्ज मागे घेतलात तर गवंडी दुसऱ्या दिवशी काम सुरू करेल. एवढं लक्षात ठेवून जे योग्य वाटेल ते करा, म्हणजे घेऊ नका.

आणखी एक. येत्या रविवारी जेवायला या. दोघांनी तुम्हाला बोलवायला सांगितलंय. समोरासमोर तुमचा समाचार घ्यायचा आहे म्हणतात, मुद्देही आपसात वाटून घेतलेत. दादा ते उलटं घड्याळ दाखवेल, पण दुरुस्त करू नका. आणि हात जोडून विनंती, मुद्देसूद बोलू नका. तुमचं म्हणणं एखाद्याला पटलं तर दुसरा कुणाशी बोलणार?

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी दादा मागच्या खोलीत आला आणि पिंपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, तुझा साडू माणूस सरळ आहे ना? या वेळी मीही त्यालाच देईन म्हणतो, धाकट्याला कळू देऊ नकोस. तो गेला आणि थोड्याच वेळात धाकटा आला. तोही पिंपाशीच उभा राहिला आणि शब्दाला शब्द तेच बोलला, फक्त 'धाकट्या'च्या जागी 'दादा'. या दोघांचं असं असेल तर गावात घरोघरी काय चाललं असेल? साडूभाऊ, तुम्ही निवडून आलात तर तुमचाही पक्ष त्या दोघांसारखाच होईल, एक भाऊ तुमच्यात येईल, दुसरा विरोधात जाईल, आणि विटा तर आणलेल्याच आहेत. तेव्हा राग मानू नका, खबरदारी म्हणून माझं मत मी तुम्हाला देत नाही. आता पिवळ्यांना द्यावं की जांभळ्यांना, हे मात्र काही केल्या ठरत नाहीये. तेवढं रविवारी येताना तुम्हीच विचार करून या.