शुक्रवारचं लाल मटण

३ नोव्हेंबर, सोमवार

एकेचाळीस मिनिटं! सरावाचा भोंगा वाजल्यापासून शेवटचा माणूस खाणीबाहेर यायला एकेचाळीस मिनिटं! नियम वीसचा. आणि शेवटचा कोण? माझाच नवरा! मी सुरक्षा विभागात, आणि हुआइमिन खिशात हात घालून डुलत डुलत येतोय. "अगं, खोटाच भोंगा ना?" म्हणे. डोक्यात तिडीक गेली.

शुक्रवारी जिल्ह्याची समिती येणार. नापास झालो तर खाण बंद. आमचे खाणप्रमुख दुआनसाहेब म्हणाले, "बाई, काहीही करा!"

४ नोव्हेंबर

कामगारांकडून उत्तरं पाठ करून घेतली. "धूर दिसला तर काय करशील?" हुआइमिन छाती काढून — "समितीचं स्वागत करीन!" सगळे खो खो हसले. या माणसाशी मी लग्न केलं!

५ नोव्हेंबर

सुचलं! हजेरीची वही चाळली. दर शुक्रवारी पाळी सुटली की सगळे चौदा मिनिटांत वर! कारण शुक्रवारी डुकराचं लाल मटण. आमचे आचारी गुआनमामा माईक घेऊन खाणीतल्या कर्ण्यांवर ओरडतात, "मटण शिजलं! उशिरा येईल त्याला नुसता रस्सा!" की निघाले पळत. वर येऊन टोपीचा दिवा दिव्यांच्या खोलीत जमा करायचा, तिथूनच आपापला वाडगा उचलायचा, थेट खाणावळीत.

मामांना पटवलं. "माझं मटण सरकारी कामाला?" म्हणाले, पण खूश होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भोंगा. पाठोपाठ खाली मामांची आरोळी. तेरा मिनिटं!! समितीचे प्रमुख भारावले — "काय हे गांभीर्य! पण हातात वाडगे कशाला?" साहेब पटकन म्हणाले, "आग लागली तर पाणी मारायला!"

शंभरात शहाण्णव. साहेब नाचायचे बाकी होते. मला मात्र कसंतरीच होतंय. मार्क मटणाला मिळालेत.

१० नोव्हेंबर

प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. मामा रुसलेत — "माझं नाव कुठंय?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दहाला भोंगा. खरा! खाणीतल्या स्फोटक वायूचा आकडा चढत होता. पडद्यावर त्रेसष्ट ठिपके, खालच्या प्रत्येक माणसाचा एक; एक हलेल तर शपथ! खाली हुआइमिनला फोन लावला. "काय गं, समिती परत आली?" "खरं आहे रे!" तो हसला!

मी कर्ण्यांचा माईक ओढला. "मटण शिजलं! उशिरा येईल त्याला नुसता रस्सा!"

त्रेसष्ट खाली होते, त्रेसष्ट वर आले. हुआइमिन शेवटचा, धापा टाकत. वाडगा पुढे करून म्हणाला, "पण आज तर बुधवार ना?"

तेवढ्यात खाली धडाम झालं.

वाडगा त्याच्या हातातून पडला. मी उचलून घरी आणलाय.