दोनशे सतराची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

फरीदाबादला जाते म्हटल्यावर पुण्यात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मला मात्र मजा वाटतेय. खोली ऑफिसनेच पाहून दिली, कुसुमावती काकूंच्या घरात, वरच्या मजल्यावर. काकू चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आल्या आणि त्यांचं मराठी आता निम्मं हिंदी झालंय. गीझर कधीकधी बिल्कुल दगा देतो हं बेटा, हे त्यांचं स्वागताचं वाक्य. कपाटात एक निळी शाल राहिली होती. कोणाची म्हणून विचारलं तर त्यांना आठवेना. भाडेकरूचं नावही लक्षात राहत नाही, आणि भाड्याची तारीख मात्र पाठ!

काम झकास आहे. कारखान्यांतली यंत्रं चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम ही कंपनी गेली वीस वर्षं बनवतेय, पण तिच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, धड माहिती कोणी लिहून ठेवलेली नाही. प्रोग्रामला फाइल उघडायची असो की मेमरी हवी असो, तो कर्नलला एक नंबर सांगतो आणि कर्नल ते काम करून देतो. याला सिस्टिम कॉल म्हणतात. असे तीनशे बारा नंबर आहेत. सोर्स कोड वाचून प्रत्येकाचं एक पान मी लिहायचं. ज्यांनी हा कोड लिहिला त्यांना तो वाचता येत नाही, म्हणून मला बोलावलंय.

सकाळी आठला आईचा फोन. स्वानंदी, काय खाल्लंस? आता रोज हेच ऐकायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या टेबलावर यतीन बसतो. त्याच्यासमोर तीन स्क्रीन आहेत, अक्कल एकावरही नाही. नंबर चाळीसच्या वर त्याने लिहून ठेवलंय की हे चालतं, कसं ते माहीत नाही. आणि हा सीनियर! माझ्या टेबलाच्या खणात चहाचा एक मग सापडला. कोणाचा विचारलं, तर सगळ्यांनी खांदे उडवले.

आमचे प्रमुख खंडेराव साहेब. बावीस वर्षं इथेच चिकटलेत. त्यांनी दोन नियम सांगितले, तेही एखादं गुपित सांगावं तसे. पहिला, बंद पडलेल्या कॉलचा नंबर दुसऱ्या कामाला द्यायचा नाही. जुने प्रोग्राम अजूनही तो मागत असतात, म्हणून तिथे एकच उत्तर ठेवायचं: ‘असं काही नाही’. दुसरा, प्रत्येक नंबरापुढे एका जबाबदार माणसाचं नाव हवंच. जागा रिकामी ठेवली तर कर्नल तयारच होत नाही. मी मान डोलावली. शाळेच्या हजेरीपटाचे नियम झाले हे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज करमणूक झाली. नंबर २१७ बंद पडलेला कॉल आहे, त्याचं उत्तर ‘असं काही नाही’. पुढे जबाबदार म्हणून नाव विनया. आणि त्याखाली रोमन अक्षरांतली हिंदी कॉमेंट: हात जोडून विनंती आहे, हे नाव पुसू नका, पुसणाऱ्याचं वाईट होतं. एवढ्यावर भागलं नाही, बाईंनी चित्रही काढलंय. एक गोल आणि त्याखाली सात तिरक्या रेघा. लिंबू-मिरची! कर्नलच्या आत!

मी इतकी हसले की यतीन दचकला. विनया कोण, म्हणून विचारलं. त्याला माहीत नाही. खंडेराव म्हणाले, ऐसी कोई नहीं थी, बाईस सालों में नहीं. म्हणजे नसलेल्या बाईचं नाव आणि वर तिची भुताटकी. कॉमेंट उडवली. नाव पुसलं. जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे माझं टाकलं. नीटनेटकं.

११ फेब्रुवारी

सकाळी आईचा फोन आला नाही. बरं झालं, एक दिवस सुटका.

दारावरचं यंत्र माझं बोट घेईना. गार्डने पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. यतीनने विचारलं, मॅडम, कोणाला भेटायचंय? मी त्याला चार शब्द सुनावले. तो यंत्रासारखा हसला आणि परत स्क्रीनकडे वळला. आठवडाभर शेजारी बसून चेहरा लक्षात राहत नाही या गाढवाच्या.

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

१२ फेब्रुवारी

माझ्या खुर्चीत एक बाई बसली आहे. अंगावर निळी शाल. त्या मगातून चहा पितेय.

सगळे तिला विनया म्हणतात. खंडेराव म्हणाले, विनया तर टीमचा जुना खांब आहे. परवाच याच तोंडाने — मी त्यांच्यासमोर उभी राहून ओरडले. त्यांनी खिडकी बंद केली. हवा येतेय म्हणाले.

खोलीत तिचे कपडे. काकूंनी तिच्यासाठी पोहे केले होते. मी जिन्यात बसून हे लिहितेय.

१३ फेब्रुवारी

आठ वाजून गेले. मीच आईला फोन लावला.

कोण बोलतंय, तिने विचारलं. मी नाव सांगितलं. ती अगदी नीट बोलली, रागावली नाही. चुकीचा नंबर लागला असेल बाई, म्हणाली, मला मुलगी नाही.

पुन्हा लावला. या वेळी तिला माझा आवाजच गेला नाही. हॅलो, हॅलो. मग ठेवला.

मला भीती वाटतेय. लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

१४ फेब्रुवारी

विनयाने आज एकदाच माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. आणि हसली — मी हसले होते तशी.

तेव्हा कळलं. खरंच घाबरलेलं माणूस लिंबू-मिरची काढत बसत नाही. ती माझ्यासारखीसाठी होती. स्वतःला शहाणी समजणारीसाठी. कोणीतरी हसावं आणि पुसावं, एवढ्यासाठी.

कोणत्याच मशीनवर माझा हात चालत नाही. फक्त २१७ उघडतं. माझ्या नावाखालची एक ओळ, तेवढीच लिहिता येते.

कोणीतरी माझं नाव पुसलं की मी सुटेन. आई फोन करेल.

१७ फेब्रुवारी

विनयाने पानं लिहायचं काम नको म्हणून सांगितलं. साहजिक आहे. त्या कामाला नवी मुलगी आलीय, लतिका, लातूरची. यूपीएससीचे तीन प्रयत्न फसलेली. गार्डलाही नमस्कार करते. अशा गरीब गाईंचा मला —

लिहून ठेवलंय. नारळ, हळद-कुंकू, शनिवार, सगळं घातलंय. लिंबं दोन. याहून मूर्खपणाचं मला सुचत नाही. हसेलच. कोणीही हसेल.

१९ फेब्रुवारी

ती दोनशे दहावर आहे. मी तिच्या मागे उभी.

चौदा. पंधरा.

दोनशे सतरा उघडलं. वाचतेय —

हसत नाहीये.

पुन्हा वाचतेय. ओठ हलतायत. हस ना ग. अशी कशी तू —

हात जोडले तिने. स्क्रीनला. खाली लिहितेय: स्वानंदीताई, तुमचं नाव आहे तसंच राहू देते. कोणाला पुसू देणार नाही.

माझं नाव. नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी — ताई म्हणाली —

नको. पूस. मूर्ख मुली, पूस ते, पाया पडते तुझ्या, उद्या आठ वाजता आईचा —

ती फाइल बंद करतेय —