दगडातली गोळी

८ जानेवारी २०२५, बुधवार. चौसाळा.
आज फरशीच्या कारखान्यात रुजू झालो. दहावी नापास, पण अक्षर वळणदार म्हणून लाद्यांची मापं लिहायचं काम मिळालं. मालक अमरसिंहदादांनी स्वतः चहा पाजला. नांदूरघाटचा सोमेश्वर ना तू, म्हणाले, आता घरचाच. राहायला आवारातलीच खोली. जैसलमेरहून येणाऱ्या पिवळ्या चुनखडीत दगड झालेले प्राचीन शंख दिसले आणि मला हसूच फुटलं. इतकी वर्षं पुस्तकात बघत होतो, इथे ते ट्रकमधून दारात येतात.

११ जानेवारी
पुस्तकाशी ताडून पाहिलं. हे सगळे माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या कुळातले. गुंडाळलेल्या शंखावर कप्प्यांची शिवण झालरीसारखी नागमोडी असेल तर अमोनाइट, साधी असेल तर नॉटिलस. तिसरा प्रकार लांबट, टोकदार : बेलेम्नाइट. पॉलिशवाले बंकटमामा म्हणाले, "बंदुकीची गोळीच हाय की बे ही. कावून वाकडं नाव घ्यायलास?" त्या नावातला म पाय मोडून लिहायचा की अख्खा, याची खात्री होईना. चूक लिहिण्यापेक्षा कामाच्या नोंदवहीत मीही 'गोळी' लिहिलं.

१५ जानेवारी
मामांनी मागच्या भिंतीला टेकवलेल्या फुटक्या लाद्या दिल्या. दिवाळीपासून पडून होत्या. छिन्नीनं अकरा नग काढले. नोंदवहीत लिहिलं : 'मागची भिंत. गोळी क्र. १ ते ११. फोटो पुण्याला सरांकडे ओळखीसाठी पाठवले.' सर म्हणजे मला शंखांचं पुस्तक देणारे, कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणारे.

१७ जानेवारी
नोंदवही ऑफिसच्या टेबलावर राहिली. दादांनी वाचली. पुण्यात कोण सर, म्हणून विचारलं. मी कौतुकानं सांगितलं की नुसत्या फोटोवरून गोळी ओळखतात.
दादांनी सगळ्यांना घरी धाडलं. मामांना ठेवून घेतलं. मला खोलीत कोंडलं, मोबाइल काढून घेतला.
खिडकीतून दिसलं. दादांनी मामांचा उजवा हात पॉलिशच्या चाकाखाली दाबला. पोराला त्या लाद्या कुणी द्यायला लावल्या, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मामा ओरडत होते, "पोरगं शंख गोळा करतंय हो दादा. धर्मराजला मारलं तवा मी न्हाई बोललो, आता कावून बोलंल?"
धर्मराज माझ्या आधी मापं लिहायचा. काम सोडून गेला, असं मला सांगितलं होतं.
चार बोटं गेली. खाली भुकटीचा चिखल होता, त्यात रक्त लगेच दिसलं नाही.

१८ जानेवारी
मामांना कुठे नेलं, माहीत नाही.
दादांपुढे अकराही नग मांडले. लिंबू पिळून दाखवलं. चुन्याचा दगड फसफसतो, धातू फसफसत नाही. दादांनी एकेक नग उचलून पाहिला. मग हसले. "शाना हाईस. ह्यात ती न्हाई. उद्या दुपारपर्यंत काढून दे."
म्हणजे खरी एक आहे. त्यांच्या बंदुकीतली.
फाटकाला कुलूप.

१९ जानेवारी, रविवार. सकाळ.
मागच्या भिंतीजवळच्या उरलेल्यांतली चौथी लादी. खालच्या कोपऱ्यात भोक, भोवती तडे. छिन्नी लावली —
निघाली. लिंबू पिळलं. फसफसली नाही. घासली तर तांबं चमकलं. भोकात तिच्यामागे दाताचा तुकडा. माणसाचा. मुळासकट.
दिली तर मी उरत नाही. नाही दिली तर बोटं.

साडेदहा
गिळली. पाण्याच्या दोन घोटांत. घसा सोलला. दाताचा तुकडाही गिळला. खोलीत येऊन आतून कडी लावली.
ही वही ज्याला सापडेल त्यानं पोलिसांना सांगावं : गोळी माझ्या पोटात आहे. धर्मराजची आहे. मला जाळू देऊ नका. आधी —

अकरा
आले. दादा आणि त्यांची दोन माणसं. लादीजवळ बसलेत. दादांनी भोकात बोट घातलं. भोक रिकामं.
माझ्या खिडकीकडे बघतात. हाक मारली.
तोंडातून रक्त येतंय, ते पुसायला —
दादांनी पाहिलं. आधी तोंडाकडे. मग खाली, पोटाकडे.
रविवारी कारखाना बंद असतो. त्यांनी कटर सुरू केलं. पाणी सोडलं. मोठं पातं आहे, लादी चिरायचं —
कडी तोडतायत. वही पलंगाखालच्या फरशीखाली सरकव —