मिनिटाला चाळीस शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार
झालं! चार वर्षं अडलेली माझी पगारवाढ आता तिसरीतल्या पोरांच्या जिभेवर येऊन बसली. नवा हुकूम — वर्गातल्या प्रत्येक मुलाने मिनिटाला चाळीस शब्द वाचले, तरच बाईंना वाढ. परीक्षेत एक जरी अडखळलं, तरी गेली! हुकूम वाचून दाखवताना साहेब स्वतः तीनदा अडखळले. त्यांचा पगार कुणी अडवला नाही.

६ नोव्हेंबर
हेडसर कानाशी लागले — "बाई, उतारा दरवर्षी तोच असतो. शेळी आणि तळं." म्हणजे वाचायला शिकवायची गरजच नाही, पाठ करून घ्यायचा! मी पण कसली शहाणी, इतकी वर्षं शिकवत बसले.

१२ नोव्हेंबर
एकोणतीस पोरं शेळी घडाघडा म्हणतात. पुस्तक मिटलेलं असलं तरी म्हणतात! तिसावी आमची गोगलगाय. बोट ठेवणार, ओठ हलवणार, एकेक अक्षर जोडत बसणार. मिनिटाला अकरा शब्द! "अगं, बघत काय बसतेस, म्हण!" मी खेकसले. तर म्हणते कशी, "बाई, न बघता वाचायचं कसं?" डोकंच फिरलं माझं.

घरी नवरा म्हणाला, "एका पोरीपायी वाढ घालवणार?" ह्यांना बोलायला काय जातं! पण माझा हा दुखरा दात आता काढायलाच हवा, पैशांपायी गेल्या वर्षापासून पुढे ढकलतेय.

१७ नोव्हेंबर
गोगलगायीच्या दप्तरात तिच्या आईसाठी चिठ्ठी घातली. 'उद्या परीक्षेला पाठवू नका. तिला वाचता येत नाही. वर्गाचं नुकसान होईल.' लिहिताना लाज वाटली. घातली तरी.

१८ नोव्हेंबर
शंभर टक्के!! एक पोरगं तर कागद हातात पडायच्या आधीच सुरू झालं. साहेबांचा शेरा — 'वाचनात विलक्षण ओघ.' गैरहजर एक. कारण : ताप. तेही मीच लिहिलं. हेडसरांनी चहा पाजला, चक्क स्वतःच्या खिशातून!

२० नोव्हेंबर
गोगलगायीची आई आली होती. हातात माझी चिठ्ठी. वाटलं, आता भांडणार. तर हळूच म्हणाली, "बाई, मला सहीपुरतीच अक्षरं येतात. ही पोरीनंच वाचून दाखवली. बोट ठेवून, सगळी. बरोबर वाचलं ना तिनं?"