तांबूचे डोहाळे

प्रिय तांबू,

घरचे सगळे आज लग्नाला गेलेत. वस्तीवर मी एकटीच. गोठ्यातलं काम उरकून उंबऱ्यात बसले, तर बोलायला कोणी नाही. एरवी तुझ्याशीच बोलायचे ना! कुत्रीला कुणी पत्र लिहितं का, असं हे म्हणतील. म्हणू देत.

उसाची तोड चालू होती तेव्हा तोडीवाल्यांच्या टोळीबरोबर आलेला तो काळा कुत्रा आठवतो? त्याच्यामागं दिवसभर हुंदडायचीस. टोळी पुढच्या गावाला गेली, मग काही दिवसांनी तुझं पोट दिसायला लागलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आपली तांबू गाभण हाय बरं का!"

किती आनंद झाला होता मला! गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं, त्यावर माझी जुनी साडी. गूळ घालून लापशी केली. तू नुसती हुंगलीस आणि तोंड फिरवलंस. मी हसले. म्हटलं, हिला डोहाळे लागलेत.

डोहाळे! आज तो शब्द आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पाणी मात्र पीत होतीस. ऐन थंडीत, गायींच्या हौदाला तोंड लावून, थांबतच नव्हतीस. पोटात पिल्लं आहेत, तहान लागणारच, असं मीच ठरवलं. आत्याबाईंनी एकदा तुझ्या पोटाखाली हात घातला. "मंदे, हिची सडं कशी उतरली न्हाईत गं?" मग त्यांनीच उत्तर दिलं, "पहिलटकरीन हाय. लागत आसंल वेळ." गोणपाटावर डाग दिसला, घाण वास येत होता. मी गोणपाट धुऊन वाळत टाकलं. आता विणार, एवढंच डोक्यात.

आणि तू गं? एवढं दुखत होतं तर ओरडली का नाहीस? उठता येत नव्हतं तरी माझी चाहूल लागली की शेपटी हलवायचीस. शेपटी हलतेय म्हणजे बरी आहे, असं मला वाटायचं. कशाला हलवलीस?

नाही, तुला काय बोलायचं! तू तुझ्या परीनं सांगतच होतीस.

खरी बोच वेगळीच आहे. आपली गाय एक वेळ रवंथ करेना झाली, तर मी हातातलं काम टाकून डॉक्टरांना फोन लावते. तू किती दिवस खाल्लं नाहीस, तरी मला फोन आठवला नाही. गाय दूध देते म्हणून का गं? स्वतःला विचारते, आणि 'नाही' म्हणायला जीभ उचलत नाही.

तू उलट्या करायला लागलीस तेव्हा ह्यांनी टेम्पो काढला. कोपरगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तुझ्या पोटावर मशीन फिरवलं. मी विचारलं, "किती पिल्लं हायेत?"

त्यांनी मशीन बाजूला ठेवलं. "पिल्लं नाहीत हो ताई. पिशवीत पू भरलाय. माजानंतर होतं असं. पाणी फार पीत होती का?"

"व्हय."

"खात नव्हती?"

"न्हाई."

"मागून घाण जात होती?"

मी नुसती मान हलवली. सगळं मी बघितलं होतं, तांबू!

"आधी आणली असती तर ऑपरेशन करून वाचली असती," त्या म्हणाल्या. रागानं नाही, हळूच. ताकद यावी म्हणून सलाईन लावली, ती संपायच्या आत तू गेलीस. तुझं नाक माझ्या तळहातावर होतं.

घरी आलो तर आत्याबाई फाटकात कोमट दुधाची वाटी घेऊन उभ्या. बाळंतिणीसाठी! ह्यांनी टेम्पो थांबवला, पण खाली उतरून त्यांना सांगायला कोणाचं धाडस होईना.

मागच्या आठवड्यात डेअरीवर पलीकडच्या वस्तीवरच्या शेवंतावहिनी माझ्यासारख्याच दूध घालायला आल्या होत्या. सहज म्हणाल्या, "आमची चिंगी गाभन दिसतीय. लई पानी पितीय." मी चरवी तिथंच ठेवली. "वहिनी, आत्ताच्या आत्ता कोपरगावला चला." त्या हसल्या, "कुत्रीसाठी एवढं?" मी हात सोडला नाही. चिंगीलाही तेच निघालं. पण वेळेत गेलो. पिशवी काढली, आणि आता ती भाकरी खाते. वहिनींनी माझे हात धरले, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना. हे शहाणपण मी कोणाच्या जिवावर शिकले, ते मला माहीत आहे ना!

माफी मागत नाही. तू लगेच देशील, म्हणून मागत नाही.

एवढंच सांगते. यापुढं माझ्या हातचं खाणारं कुठलंही जनावर, दूध देवो न देवो, त्यानं अन्नावरून तोंड फिरवलं की मी तर्क करीत बसणार नाही. उचलून दवाखान्यात नेईन. 'काही झालेलं नाही, उगाच आणलंत' असं म्हणून डॉक्टरबाई हसल्या, तर त्यांच्याबरोबर मीही हसेन आणि घरी येईन.

तुझीच,
मंदा