माजिवड्याचे निंब

१५ नोव्हें. १९५३, रवि.
माजिवड्यास जाऊन आलो. नाचणी निघाली. निंबांच्या ओळींमधली निम्मी कणसं पोचट. धर्मा माझी ही जमीन अर्धेलीने करतो, निम्मं पीक त्याचं; घरची वर्षाची भाकरी याच तुकड्यावर. एक कणीस तळहातावर चोळून दाखवलं, नुसता कोंडा.
शेतात दहा-दहा हातांवर निंब लावायची अक्कल माझी. देशावर आमच्या ज्वारीत निंब असतात, काही बिघडत नाही. पण तिथे ऊन असतं! इथे पावसाळ्यात सूर्याचं तोंड दिसायची मारामार, त्यात ही सावली. आणि मी शाळेत भूगोल शिकवतो.

२२ नोव्हें.
ठरलं. उन्हाळ्यात एकाआड एक ओळ तोडायची. धर्मा खूश. "घराला वासं व्हतील, मास्तर."

७ मार्च १९५४
धर्माच्या काशीला देवी आल्या. सहा वर्षांची पोर. दाराला निंबाचे डहाळे, अंथरुणात निंबाचा पाला, सगळा आपल्याच शेतातला. टोचून घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं. आता बोलून काय.

२८ मार्च
काशी वाचली. डोळेही वाचले. तिच्या आईने, पारूने, निंबाखाली दगड मांडून शेंदूर लावला. सगळी आळी पाया पडायला. मीही पडलो. खरंच आनंद झाला.
तोडायचं कसं आता?

२ मे
धर्माकडे विषय काढला.
"नाय जमाचा, मास्तर. पोर दिली तिनं."
"मग खाल काय?"
पारू म्हणाली, "उपाशी ऱ्हावू."
चिडलो. दगडाला, शेंदराला नको ते बोललो. काशी ओट्यावर बसून ऐकत होती, तोंडभर व्रण. लाज वाटते.

१६ मे
ठाण्यात दोन मजूर ठरवले. देवीची झाडं म्हणताच दोघेही फिरले. कुऱ्हाड विकत घेतली. पन्नाशीला हे धंदे.

३० मे
कुऱ्हाड घेऊन गेलो, घेऊन आलो. एक घाव नाही. आठवड्यात पेरणी. तोडली नाहीत तर यंदाही पोचटच.
धर्मा घराबाहेर आला नाही. पारू आली, काशीला पुढे करून. भांडली नाही.
"तोडा, मास्तर. पन आदी हिच्या डोक्यावर हात ठेवा नि सांगा, हिला काय व्हनार नाय."
देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. मीच वर्गात सांगतो.
हात ठेवला. काशी वर बघत होती. ते एवढं वाक्य न म्हणताच हात काढला, कुऱ्हाड उचलून निघालो.