ओढून पाहावा असा कागद

विष्णुपुरी, नांदेड
८ जुलै २००१

सौ. वहिनीस वर्षाराणीचा नमस्कार.

दादाची पाठ आता कशी आहे? इकडं मेसमध्ये आठवडाभर बेसनच चालू आहे.

काल निकाल लागला. मी इंजिनिअर झाले, वहिनी. आपल्या घरातली पहिली पदवी. हे पत्र ओसरीवर बसून, अप्पांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा.

कागद गोल आहे म्हणून हसू नका, प्रयोगशाळेतला साचाच भाकरीएवढा आहे. शाई थोडी पसरते. पण हा कागद मी केलाय. लाकडाच्या लगद्यात बारीक धागे असतात. त्यात थोडं एन्झाइम घातलं की धाग्यांची वरची साल सैल होते आणि ते एकमेकांना घट्ट धरतात. जास्त वेळ ठेवलं, तर ते धागेच खाऊन टाकतं. एकदा लाइट गेली, ढवळायचं यंत्र थांबलं. मला वाटलं, आतलं कामही थांबलं. मी जेवायला गेले. त्या लगद्याचा कागद उचलतानाच तुटला.

आमचे प्रयोगशाळेचे पंचाक्षरी सर म्हणाले, "एन्झाइमला कुणी सांगितलं, लाइट गेली म्हणून?"

मग लगदा वेळेत उकळून एन्झाइमला थांबवायला शिकले. आता माझा कागद ओढायला साध्या कागदापेक्षा भक्कम आहे. फाडायला मात्र थोडा हलका. अहवालात मी तेही लिहिलं.

एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला बोलावलंय. अजून हो म्हटलं नाही.

भूकंपात आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. डॉक्टर मिळाला नाही. अप्पांनी तेव्हाच ठरवलं, पोरगी डॉक्टर होईल. लातूरच्या क्लासात दोन वर्षं बसले, मार्क कमी पडले. अप्पा पुन्हा परीक्षेला बस म्हणाले, मी नाही म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मला अभ्यासाचा कंटाळा नव्हता, वहिनी. पट्टी बांधलेलं माणूस दिसलं की मला आईच दिसायची. एवढं अप्पांना सांगायचं राहिलं होतं.

मागचं पत्र त्यांनी न ऐकताच फाडलं, असं तुम्ही लिहिलं होतं. हेही फाडलं तर फाटेल. पण त्याआधी, बैलाचं नवं दावं बघतात तसं, दोन्ही हातांनी ओढून बघा म्हणावं. टिकलं, तर कारखान्यात मला पोचवायला अप्पांनीच यावं.

अप्पांची, डॉक्टर न झालेली,
वर्षाराणी